लायडनच्या अंगणातली पांढरी फुलं

माझी मुलगी परदेशात वाटाड्याचं काम करणार आहे हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, तुला तरी तिथल्या वाटा कुठं माहीत आहेत? ती हसली नाही. म्हणाली, आई, मला इथं येऊन सहा वर्षं होतील. त्यातली पहिली तीन मी वाटाच तुडवल्या, दुसरं काय होतं करायला?

लग्न झाल्यावर ती नवऱ्याच्या मागोमाग नेदरलँडला गेली. जावई कॉम्प्युटरच्या कंपनीत. सुरुवातीला ते लायडन नावाच्या जुन्या गावात राहत, पुढे आमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनमध्ये फ्लॅट घेतला. पुण्यात ती शाळेत शिकवायची. तिथं गेल्यावर तिचं शिक्षण कुणाच्या कामाचं राहिलं नाही. मी फोन केला की ती म्हणायची, सगळं छान आहे. "सगळं" हा शब्द ती ज्या पद्धतीनं म्हणायची त्यावरून मला कळायचं.

दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये मी तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेले. त्याच महिन्यात पुण्याच्या एका लहानशा प्रवास कंपनीनं तिला काम देऊ केलं होतं. ही कंपनी दर वसंतात ट्युलिपची फुलं बघायला वयस्कर माणसांचे गट युरोपात नेते. लायडनमध्ये अर्धा दिवस पायी फिरवायचं असायचं. आधी इंग्रजी बोलणारा गाईड होता, तो काय सांगतो ते निम्म्यांना समजत नसे. त्यांना तिथंच राहणारं, मराठीत सांगणारं माणूस हवं होतं. पण आधी एकच गट. तो खूश होऊन गेला तर पुढचे सगळे गट तिचे.

तिच्याकडे एक गोष्ट होती जी दुसऱ्या गाईडकडे नव्हती. एक दार.

लायडनमध्ये शेकडो वर्षांपूर्वी श्रीमंतांनी म्हाताऱ्या, एकट्या माणसांसाठी लहान लहान घरं बांधून ठेवली आहेत. मधे अंगण, भोवती घरं, आणि रस्त्यावर फक्त एक बुटकं दार. त्याला तिकडे हॉफ्ये म्हणतात. अजून तिथं लोक राहतात, म्हणून काही दारं पाहुण्यांना बंद असतात. अशा एका हॉफ्येत एक डच बाई राहत होती. माझ्या मुलीला डच भाषा शिकताना बोलायला सोबत म्हणून ती मिळाली होती. आठवड्यातून एकदा दोघी बसायच्या. ही चुकायची, ती सुधारायची. तीन वर्षं हे चाललं. त्या बाईनं शेजाऱ्यांना विचारून आमच्या गटाला आत घ्यायचं कबूल केलं होतं. तिनंही म्हटलं होतं, आधी एकच गट, मग बघू. पुण्याच्या मालकांना सगळ्यात जास्त आवडलं होतं ते हेच दार. बाकीच्या कंपन्यांकडे ते नव्हतं.

म्हणजे एकाच सकाळी माझ्या मुलीच्या दोन परीक्षा होत्या.

आदल्या दिवशी ती मला म्हणाली, तूही चल. मी पुढे बोलत असणार. तू सगळ्यांच्या शेवटी चाल. तुझ्या मागे कुणी राहता कामा नये.

मी विचारलं, मला कुणाशी बोलावं लागेल का?

"नाही गं. नुसतं बघायचं."

मला ते जमण्यासारखं होतं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हाही माझ्याऐवजी नणंदेनं घेतला होता. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे असेल किंवा मूळचाच स्वभाव असेल, मला सांगता येत नाही.

एप्रिलच्या मध्यात, ठरलेल्या सकाळी गट बसमधून उतरला. स्वेटर, कानटोप्या, साड्यांखाली पांढरे बूट. वारा बोचरा होता आणि ऊन येत-जात होतं. गटाबरोबर कंपनीचा मॅनेजर होता, तो सारखा घड्याळ बघत होता, कारण दुपारी सगळ्यांना फुलांच्या बागेत पोचवायचं होतं. माझी मुलगी पहिल्यांदा हेच सांगत होती की लाल रंगाचा रस्ता सायकलींचा आहे, त्यावर उभं राहू नका. ती सांगत असतानाच तिघं त्यावर उभे होते आणि मागून घंटा वाजत होती. एक काका म्हणाले, आमच्या पुण्यात आम्ही स्कूटरवाल्यांना घाबरत नाही, हा तर सायकलवाला. लोक हसले. मुलगीही हसली, पण तिचं हसणं मला ओळखू येतं. ते पोटातलं नव्हतं.

मी शेवटी चालत होते. त्या काकांची बायको माझ्या बरोबरीला आली. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून त्या मागे पडायच्या. सगळे त्यांना आजी म्हणत होते. गोऱ्या, बारीक, खांद्याला कापडी पिशवी. मी गाईडची आई आहे हे कळल्यावर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, पोरगी गोड बोलते हो तुमची. मग पिशवीवर हात ठेवून हळूच सांगितलं की आत त्यांचा बाळकृष्ण आहे. घरी कुणी पूजा करणारं नाही म्हणून बरोबर आणलाय. रोज हॉटेलात आंघोळ करून पूजा करतात, पण फूल मिळत नाही. पॅरिसला अक्षता वाहिल्या, काल बेल्जियममध्येही अक्षताच.

"देव काही बोलत नाही हो ताई. पण आपल्याला चुटपुट लागते."

मी म्हटलं, इथं बाजारात फुलं मिळतात. त्यांनी मान हलवली. विकतचं निराळं आणि झाडावरचं निराळं, असं त्या म्हणाल्या. मला ते समजलं. आमच्या गल्लीत सकाळी बायका पिशव्या घेऊन निघतात आणि कुंपणाबाहेर आलेली फुलं खुडतात. मीही खुडलीत. कुणी चोरी म्हणत नाही. फार तर घरमालकीण खिडकीतून म्हणते, दोन ठेवा हो माझ्या देवाला.

कालव्याच्या कडेनं, दोन पूल ओलांडून आम्ही त्या दाराशी आलो. मुलीनं सगळ्यांना जवळ घेतलं आणि सांगितलं की आत म्हातारी माणसं राहतात, आवाज करायचा नाही, खिडक्यांतून डोकावायचं नाही. फुलांबद्दल ती काहीच बोलली नाही. तिला ते सुचायचं कारणच नव्हतं, आणि मलाही नव्हतं सुचलं.

मग तिनं घंटा वाजवली. दार उघडणारी बाई उंच, वाकलेली, पांढऱ्या केसांची होती. तिनं मुलीच्या गालाला तीनदा गाल लावला आणि आमच्याकडे बघून मान हलवली. मग ती आपल्या घरात गेली.

आत शिरल्यावर सगळे आपसूक गप्प झाले. इतकी शांतता होती की कुणाचा बूट करकरला तरी ऐकू येत होता. अंगणाच्या मधे पाण्याचा जुना हातपंप, विटांच्या वाटा, आणि प्रत्येक दारासमोर एकेक लहान वाफा. त्या बाईच्या दारासमोरच्या वाफ्यात पांढरे ट्युलिप होते, फार नाहीत, एका ओळीत. मुलगी पंपाजवळ उभी राहून हळू आवाजात सांगत होती की पूर्वी सगळ्या घरांना पाणी इथूनच मिळायचं. काकासुद्धा ऐकत होते. मॅनेजर फोटो काढत होता. मला वाटलं, जमलं हिचं.

तेवढ्यात माझं लक्ष आजींकडे गेलं. त्या वाफ्याशी वाकल्या होत्या. मला वाटलं वास घेतायत. त्यांचा अंगठा फुलाच्या खाली गेला, नखाचा एक दाब, आणि फूल त्यांच्या ओंजळीत आलं. तसंच दुसरं. खूप सवयीचा हात होता. पाच फुलं त्यांनी पिशवीतल्या स्टीलच्या डबीत ठेवली, डबीत ओला रुमाल होता. मग वर बघितलं तर समोर मी. त्या हसल्या, सकाळी कुंपणाशी भेटलेली बाई हसते तशा. आणि मीही हसले. हसू आपोआप आलं. ते ओठांवर असतानाच मला वाफा दिसला. पाच हिरवे देठ ताठ उभे होते आणि वर काही नव्हतं.

मला मुलीकडे जाऊन सांगायचं होतं, पण ती बोलत होती आणि मधे वीस-पंचवीस माणसं. मी एवढंच केलं की वाफ्यासमोर जाऊन उभी राहिले, पदर जरा पसरून. जणू तेवढ्यानं झाकलं जाणार होतं. गट निघेपर्यंत असंच उभं राहायचं, असं ठरवलं. मुलीचं बोलणं संपत आलं होतं. मनात म्हणत होते, संपव आता, चल बाहेर.

बोलणं संपलं आणि ती म्हणाली, आता आपल्याला ज्यांनी आत घेतलं त्यांना भेटू या. आणि तिनं माझ्या पाठीमागच्या दारावर टकटक केली.

बाई बाहेर आली, हसत. माझ्याशी हात मिळवायला पुढे झाली, आणि तिची नजर खाली गेली. ती ओरडली नाही. वाकून एका देठाच्या टोकाला बोट लावलं. मग माझ्या मुलीशी बोलली, एकदम हळू. मुलीचे कान लाल झाले. ती लहानपणी रडायच्या आधी तिचे कान असेच व्हायचे.

मुलीनं गटाकडे बघितलं आणि मराठीत सांगितलं. बाईंची फुलं कुणीतरी तोडली आहेत. त्यांना वाईट याचं वाटतंय की कुणाला फुलं हवी असती तर देठासकट नेली असती, पाण्यात ठेवली असती. नुसती डोकी उडवली म्हणजे कुणीतरी मुद्दाम नासधूस केली, असं त्यांना वाटतंय.

मग मॅनेजर म्हणाला, आपल्या लोकांतलं कुणी असं करणार नाही, वाऱ्यानं झालं असेल. काका म्हणाले, "आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का हो? झडती घेता का आता?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. आजी त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, पिशवी छातीशी धरून, जमिनीकडे बघत.

बाई पुन्हा काहीतरी बोलली. मुलीनं ते सगळ्यांना नाही सांगितलं. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, ती म्हणतेय, मी माझ्या शब्दावर सगळ्यांना तयार केलं होतं. हे असं असेल तर दार आता पुन्हा उघडणार नाही. तू शेवटी होतीस. तू काही पाहिलंस का?"

तिनं ते मला एकटीला विचारलं होतं. पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं आणि सगळे माझ्याकडे वळले.

काय करावं मला कळेना. "नाही" म्हटलं असतं तर कुणाला समजलं नसतं. आजींची इभ्रत राहिली असती, गट खूश राहिला असता, पुण्याचं काम मिळालंही असतं. पण ती डच बाई माझ्या मुलीला काय समजेल? तीन वर्षं जिच्या समोर बसून ही चुकत-माकत बोलायला शिकली, ती आता म्हणणार, हिनं खोडसाळ माणसं माझ्या घरात आणली. आणि ते खोटं होतं. तोडणं झालं होतं, पण खोडी नव्हती झाली. हे त्या अंगणात मला आणि आजींनाच माहीत होतं.

मी मुलीकडेच बघत बोलले.

"देवाला देठ नको असतो," मी म्हटलं. "खोडी नाही ती. तिला सांग, आमच्याकडे देवाचं फूल असंच खुडतात."

मुलीनं डचमध्ये सांगितलं. बाईनं एकच प्रश्न विचारला, आणि तो मला भाषेशिवाय कळला. कुणी? मी नाव घेतलं नाही. पण माझी नजर गेली, आणि नजर गेली म्हणजे सांगितल्यासारखंच झालं.

आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो ताई, तुम्ही तर हसलात माझ्याकडे बघून."

"हो," मी म्हटलं. "हसले."

त्यांनी डबी काढली. झाकण उघडलं. ओल्या रुमालावर पाच फुलं नीट मांडलेली, एकही पाकळी दुमडलेली नाही. त्या मुलीला म्हणाल्या, बाळ, सांग तिला, उद्या दुसरी येतील की. झाड तर तसंच ठेवलंय मी.

माझी मुलगी फार हळू म्हणाली, "आजी, ही जास्वंद नाही. खाली कांदा असतो. एका कांद्याला वर्षाला एकच फूल."

आजींचं तोंड उघडं राहिलं. आजींनी डबी तशीच बाईंसमोर धरली, दोन्ही हातांनी, घ्या म्हणून.

बाईनं डबीत बघितलं. घेतली नाही. मग ती बोलली आणि मुलीनं शब्दाला शब्द सांगितलं. "तुम्ही विचारलं असतं तरी मी दिली नसती. ती लावायला मला गुडघ्यांवर बसावं लागतं. पण आता जिथं न्यायची होती तिथं न्या. टाकू नका." आणि आम्हाला आता बाहेर जायला सांगितलं. शेजारी खिडक्यांतून बघत होते. पुढच्या गटाचं मी काही सांगू शकत नाही, ती मुलीला म्हणाली, सगळ्यांना पुन्हा विचारावं लागेल. गट येईल त्या दिवशी येऊन घंटा वाजव. उघडायचं ठरलं तर उघडेन.

आम्ही बसकडे परत निघालो. आजी पुढे चालत होत्या, गुडघे दुखत असूनही, माझ्या शेजारी यायला नको म्हणून. काका मोठ्यानं म्हणाले, "चला, पन्नास वर्षं संसार केला, युरोपात येऊन चोर झालो." कुणी हसलं नाही. मॅनेजर बाजूला जाऊन पुण्याला फोन लावत होता.

घरी जाताना आगगाडीत मुलगी खिडकीशी बसली. बाहेर शेतांत पिवळे, लाल, जांभळे पट्टे होते. तेच बघायला लोक इतक्या लांबून येतात. आम्ही दोघींनी त्यातलं काही बघितलं नाही. मी म्हटलं, मी गप्प बसायला हवं होतं का? ती म्हणाली, माहीत नाही आई. मला आत्ता काहीच माहीत नाही.

पुण्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. तिनं मला वाचून दाखवलं. गटाला तिचं बोलणं आवडलं होतं. पुढच्या गटांचं काम तिलाच देऊ. मात्र गाईडच्या आईनं एका ज्येष्ठ बाईंचा चारचौघांत अपमान केला अशी तक्रार आहे, तरी आईंना बरोबर आणू नये. शिवाय त्या दाराचं नक्की काय ते कळवा, आम्ही जाहिरातीत ते टाकलं आहे.

मुलगी भडकली. अपमान कसला, तू नसतीस तर दार तेव्हाच गेलं असतं, असं म्हणाली. मी कळवते, माझी आई नाही तर मीही नाही.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. म्हटलं, हे काम तुझं आहे. माझ्यासाठी सोडलंस तर मी पुढच्या विमानानं परत जाईन. मी तीन महिन्यांची पाहुणी आहे, पुढची वर्षं तू काढायची आहेस. हो म्हणून कळव.

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं. तू हो म्हण."

तिनं माझ्यासमोर उत्तर लिहिलं. दाराबद्दल काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

दुसरा गट पुढच्या आठवड्यात होता. मधल्या दिवसांत त्या बाईचा फोन आला नाही. मुलीनंही केला नाही. म्हणाली, तिनं घंटा वाजव म्हटलंय, तर घंटाच वाजवायची. त्या बाईचं असंच असतं. रात्री ती एकटीच स्वयंपाकघरात उभं राहून बोलायचा सराव करायची. आता तिनं दारापाशीच सांगायचं ठरवलं होतं: इथली फुलं देवासाठीसुद्धा खुडू नका, आणि का ते. चार-पाच प्रकारे म्हणून बघितलं, कुणाला टोचू नये म्हणून. मी सांगितलं, कांद्याचं आधी सांग. ते कळलं की हात आपोआप मागे जातो.

त्या सकाळी मी तिला डबा करून दिला, दाराशी काय होतं ते लगेच फोन करून सांगते म्हणाली आणि ती गेली. जावई ऑफिसात. मी फरशी पुसली, पुसलेली परत पुसली. खाली ट्राम जात-येत होत्या. आजींचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता. आता परत पुण्याला पोचल्या असतील, त्यांच्या बाळकृष्णाला घरच्या कुंडीतलं फूल मिळत असेल. माझ्याबद्दल त्या काय सांगत असतील ते मला माहीत आहे, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं. हसली तेव्हाच का नाही म्हणाली, असं.

गट त्या दाराशी कधी पोचतो ते मला ठाऊक होतं. मी फोन टेबलावर ठेवून त्याच्यासमोर बसले. वाजायची वेळ होऊन गेली. मला वाटलं, घंटा वाजवली असेल आणि कुणी आलं नसेल. ती आता सगळ्यांसमोर काय बोलत असेल? तिचे कान मला इथून दिसत होते.

मग फोन थरथरला. मी घाईघाईनं कानाला लावला. पलीकडे कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त विटांवर बुटांचे आवाज.

"आई," ती कुजबुजली, "आत आलोय." आणि फोन ठेवला.